कोण, किती आणि कोणाचे कोण

जमिनीवर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी दोरीची चौकट आखायची, चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या आणि आत जे काही उगवले आहे ते मोजायचे, हा परिस्थितिविज्ञानातला, म्हणजे इकॉलॉजीतला, बहुधा सर्वांत स्वस्त प्रयोग असावा. या चौकटीला क्वाड्रॅट म्हणतात. उच्च माध्यमिक वर्गाला जैवविविधता शिकवताना गेली काही वर्षे मी पुस्तक उघडण्याआधी ही चौकट आखतो, आणि त्याचे कारण माझ्याच एका जुन्या चुकीत आहे. सुरुवातीची कित्येक वर्षे मी फळ्यावर ‘एखाद्या ठिकाणी आढळणाऱ्या जातींची संख्या म्हणजे जैवविविधता’ असे एक वाक्य लिहून मोकळा होत असे. वाक्य खोटे नव्हते, पण फार अपुरे होते. त्याचा परिणाम असा झाला की मुले प्राण्या-वनस्पतींच्या याद्या पाठ करू लागली आणि यादी जितकी लांब तितका निसर्ग श्रीमंत, असे समजू लागली.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा खुलासा करतो. मराठीच्या शास्त्रीय परिभाषेत ‘स्पीशीज’ला जाती आणि ‘जीनस’ला प्रजाती म्हणण्याची पद्धत आहे. बातम्यांत आणि आता अनेक पुस्तकांतही ‘स्पीशीज’साठीच प्रजाती हा शब्द सर्रास वापरला जातो, त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. मी या लेखात ‘स्पीशीज’साठी जाती हाच शब्द ठेवला आहे. दुसरा गोंधळ पर्यावरण आणि परिस्थितिविज्ञान या शब्दांचा. प्रदूषण रोखा, झाडे लावा हे आवाहन झाले. सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या हवा-पाणी-मातीशी असलेले संबंध तपासणे हे शास्त्र झाले. एर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये या शास्त्राला नाव दिले तेव्हा त्याच्या मनात हे संबंधच होते.

आता चौकटीकडे येऊ. तिला विचारायचे प्रश्न तीनच आहेत: आत कोण आहे, प्रत्येक जण किती आहे, आणि कोणाचे कोणाशी काय नाते आहे. शाळेत पहिल्या प्रश्नावरच सगळा वेळ जातो. दुसरा प्रश्न गणित असल्यामुळे टाळला जातो आणि तिसरा परीक्षेत नेमका विचारता येत नाही म्हणून राहून जातो. माझ्या मते तिसरा प्रश्न हाच विषयाचा गाभा आहे, परंतु त्याकडे जायची वाट दुसऱ्यावरूनच जाते.

समजा, दोन चौकटी आहेत. दोन्हींत मिळून नव्हे, तर प्रत्येकीत वनस्पतींच्या ५ जाती आणि एकूण ५० रोपे आहेत. पहिलीत प्रत्येक जातीची १० रोपे आहेत. दुसरीत एकाच गवताची ४६ आहेत आणि उरलेल्या चार जातींचे एकेकच रोप कुठेतरी कोपऱ्यात तग धरून आहे. यादी करणाऱ्याच्या लेखी दोन्ही चौकटी सारख्याच. डोळ्यांना मात्र दुसरी चौकट सरळ गवताची दिसते, आणि डोळ्यांचे हे म्हणणे आकड्यांत मांडण्याची सोय एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये करून ठेवली. प्रत्येक जातीचा एकूण रोपांतील हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करून ती १ मधून वजा करायची. पहिल्या चौकटीत प्रत्येक हिस्सा ०.२, त्याचा वर्ग ०.०४, पाचांची बेरीज ०.२, म्हणून निर्देशांक ०.८०. दुसऱ्या चौकटीत गवताचा हिस्सा ०.९२, त्याचा वर्ग ०.८४६४, उरलेल्या चार जातींचे वर्ग मिळून जेमतेम ०.००१६, म्हणून निर्देशांक सुमारे ०.१५. या आकड्याला अर्थही आहे. डोळे मिटून एक रोप निवडले, ते परत ठेवले आणि पुन्हा एक निवडले, तर ती दोन वेगवेगळ्या जातींची निघण्याची शक्यता म्हणजे हा निर्देशांक. पहिल्या चौकटीत ती शंभरात ८० आहे आणि दुसरीत १५. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे हाच सिम्पसन दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांपैकी एक होता. एखादे अक्षर मजकुरात किती वेळा येते याचा हिशोब करणाऱ्या माणसाला एखादे रोप चौकटीत किती वेळा येते हा प्रश्न परका वाटला नसावा.

मुलांना हा हिशोब चटकन जमतो आणि आवडतोही. त्यानंतर मी त्यांना चौकटीतल्या एकाच रोपाचा एकच कोवळा शेंडा भिंगाखाली पाहायला सांगतो, आणि मग निदान अर्धा तास कोणी उठत नाही.

शेंड्यावर मावा असतो. हे पोपटी किंवा काळसर किडे आपली सोंड झाडाच्या अन्नवाहिनीत खुपसून रस पीत असतात. त्या रसात साखर भरपूर, पण प्रथिने बनवायला लागणारी अमिनो आम्ले थोडी. म्हणून माव्याला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. हे थेंब मुंग्यांना हवे असतात. मुंगी आपल्या शृंगिकांनी माव्याला हलकेच थोपटते, थेंब मिळाला की पिते आणि त्या बदल्यात माव्यावर टपलेल्या ढालकिड्याला, म्हणजे लेडीबर्ड नावाच्या ठिपकेदार भुंगेऱ्याला, हुसकून लावते. आणखी बारकाईने पाहिले तर माव्याच्या गर्दीत दोन-चार किडे हलत नाहीत असे दिसते. ते फुगलेले, वाळल्या गवतासारख्या तपकिरी रंगाचे आणि कागदासारखे कोरडे झालेले असतात. त्यांना ममी म्हणतात. गांधीलमाशीच्या नात्यातल्या, पण अवघ्या दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या एका कीटकाच्या मादीने जिवंत माव्याच्या पोटात एक अंडे घातलेले असते. त्यातून निघालेली अळी माव्याला आतून खाते आणि त्याच्याच रिकाम्या कातडीत कोषावस्था काढते.

बोटभर शेंड्यावर झाडाला खाणारा, खाणाऱ्याशी सौदा करणारा, खाणाऱ्याला खाणारा आणि खाणाऱ्याच्या पोटात वाढणारा, असे चार व्यवहार एकाच वेळी चाललेले असतात. यादीत ही केवळ पाच नावे होतील: रोप, मावा, मुंगी, ढालकिडा, गांधीलमाशी. वहीत नावांच्या मध्ये बाण काढले की मगच परिस्थितिविज्ञान सुरू होते. मुंगी काढून टाकली तर ढालकिड्याचे फावते, माव्याची संख्या घटते आणि रोपाला उसंत मिळते. म्हणजे मुंगीने रोपाला तोंडही न लावता तिचा परिणाम रोपापर्यंत पोहोचतो. अशा आडवाटेच्या परिणामांना अप्रत्यक्ष परिणाम म्हणतात, आणि निसर्गातली निम्मी आश्चर्ये तिथेच दडलेली असतात असे माझे मत झाले आहे.

एकाच ठिकाणी इतके जण नांदतात कसे, हा प्रश्न इथे कोणीतरी विचारतेच. रशियन शास्त्रज्ञ गाउझे याने १९३०च्या दशकात पॅरामिशियम या एकपेशीय सजीवाच्या दोन जाती एकाच काचनळीत, एकाच अन्नावर वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही सुखाने वाढत. एकत्र ठेवल्यावर थोड्याच दिवसांत एकीने दुसरीला नाहीसे केले. दोन जातींची गरज अगदी तंतोतंत एकच असेल तर त्या कायमच्या एकत्र राहू शकत नाहीत, असा त्यातून निघालेला निष्कर्ष. मग एकाच स्प्रूस वृक्षावर वॉर्बलर पक्ष्यांच्या पाच जाती कशा राहतात? रॉबर्ट मॅकआर्थर याने उत्तर अमेरिकेतल्या जंगलात तासन् तास त्यांचे निरीक्षण केले आणि १९५८ मध्ये उत्तर दिले: कोणी शेंड्याजवळ किडे टिपतो, कोणी मधल्या फांद्यांच्या आतल्या भागात, कोणी बुंध्याजवळ. झाड एकच, कोनाडे वेगळे. प्रत्येक जातीच्या राहण्या-खाण्याच्या आणि वेळ साधण्याच्या या एकूण रीतीला ‘निश’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा असाच आहे. अधिवास हा जातीचा पत्ता आणि निश हा तिचा पेशा, अशी तुलना वर्गात नेहमी केली जाते. ती सोयीची आहे, म्हणून मीही करतो.

‘किती’ या प्रश्नाचे एक उत्तर ऊर्जेत आहे. शेंड्यावर मावा शेकड्यांनी आणि ढालकिडे एक-दोन, असे प्रमाण का असते? वनस्पतींनी बांधून ठेवलेली ऊर्जा माव्याकडे जाते, पण तिचा बराचसा भाग माव्याच्या श्वसनात उष्णतेच्या रूपाने निघून जातो, काही विष्ठेत जातो, काही न खाल्लेल्या भागात राहतो. पुढच्या पायरीला साधारण दहावा हिस्सा पोहोचतो. ही १० टक्क्यांची गोष्ट नियम म्हणून पाठ केली जाते, परंतु ती सरासरी आहे. प्रत्यक्षात हा आकडा ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान आणि कधी त्याबाहेरही जातो. हा हिशोब पहिल्यांदा मांडणारा रेमंड लिंडमन अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील एका लहानशा, दलदलीने वेढलेल्या तळ्यावर काम करीत होता. त्याचा निबंध फार सैद्धांतिक आहे म्हणून तज्ज्ञांनी आधी नाकारला. तो १९४२ मध्ये छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. त्याचे वय होते अवघे २६.

पायरीपायरीने घटत जाणाऱ्या ऊर्जेच्या या मनोऱ्याबद्दल एवढेच ध्यानात ठेवावे की तो कधीही उलटा होत नाही. संख्येचा मनोरा उलटा होऊ शकतो, कारण एका झाडावर हजारो किडे पोसले जातात. वजनाचाही होऊ शकतो. समुद्रात काही वेळा वनस्पतिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे, एका क्षणी भरणारे वजन त्यांना खाणाऱ्या प्राणिप्लवकांपेक्षा कमी असते, कारण ते भराभर वाढतात आणि भराभर खाल्ले जातात. ऊर्जा मात्र एकाच दिशेने जाते आणि परत येत नाही. परत येतात ती द्रव्ये, म्हणजे कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, आणि ती परत आणणारे बुरशी व जीवाणू आमच्या चौकटीच्या यादीत कधीच येत नाहीत, कारण ते मातीत असतात आणि भिंगातून ओळखता येत नाहीत.

आता ज्या प्रयोगामुळे मी माझी फळ्यावरची व्याख्या बदलली तो सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, मकाव उपसागरात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले खडक आहेत. त्यांवर शिंपले, बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी प्राणी), शंखवर्गीय प्राणी, समुद्रशैवाल अशी दाटी असते आणि त्या सर्वांवर पिसॅस्टर नावाचा जांभळा किंवा नारिंगी तारामासा फिरत असतो. तो पाच बाहूंनी शिंपला पकडतो, ओढून ओढून बारीक फट पाडतो आणि आपले जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीतून आत घालतो. शिंपल्यातला प्राणी शिंपल्यातच पचवला जातो. १९६३ मध्ये रॉबर्ट पेन याने खडकाचा जेमतेम आठ मीटर लांबीचा एक पट्टा निवडला आणि त्यावरचे तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारचा तसाच पट्टा त्याने तुलनेसाठी हात न लावता ठेवला. तारामासे पुन्हा चढून येत, म्हणून त्याला हे काम वरचेवर करावे लागे.

शिकारी गेल्यावर बाकीच्यांची चंगळ व्हावी, असे कोणालाही वाटेल. वर्गात मी इथे थांबून अंदाज विचारतो आणि बहुतेक हात ‘जाती वाढतील’ याच बाजूला वर होतात. झाले उलटे. आधी बार्नेकलनी जागा बळकावली, नंतर कॅलिफोर्नियन शिंपल्यांनी त्यांना दाबत दाबत खडक व्यापायला सुरुवात केली. खडकावर अन्नाचा तुटवडा नव्हता. तुटवडा जागेचा होता. शिंपला हा जागेच्या लढाईत सर्वांना भारी पडणारा गडी, आणि त्याला आवरणारा तारामासा नाहीसा झाला होता. पेनने मोजलेल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. शेजारच्या पट्ट्यावर मात्र पूर्वीचीच दाटी कायम होती.

तारामाशाची संख्या त्या खडकावर फार नव्हती. सिम्पसनच्या निर्देशांकात त्याचा हिस्सा नगण्य भरला असता. यादीत तो एक नाव होता. तरीही त्याच्या एका नात्यावर, म्हणजे शिंपल्याशी असलेल्या नात्यावर, बाकीच्या अनेकांची जागा टिकून होती. १९६९ मध्ये पेनने अशा जातीला दगडी कमानीच्या माथ्यावरील कळीच्या दगडाची उपमा दिली आणि तेव्हापासून कळीची जाती ही संज्ञा रूढ झाली. एक सावधगिरी मात्र हवी. आज वाघापासून मधमाशीपर्यंत कोणत्याही आवडत्या प्राण्याला हे बिरुद लावले जाते. संज्ञेचा नेमका अर्थ असा आहे की त्या जातीचा परिणाम तिच्या संख्येच्या किंवा वजनाच्या मानाने खूप मोठा असला पाहिजे. जंगलात सगळीकडे पसरलेल्या वृक्षाचा परिणाम मोठा असतोच, पण तेवढ्याने तो वृक्ष कळीची जाती ठरत नाही.

नात्यांचा अंदाज चुकला तर काय होते, याचे उदाहरण म्हणून मी मॅक्वारी बेट निवडतो. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या समुद्रात असलेल्या या बेटावर एकोणिसाव्या शतकात सील मारण्यासाठी येणाऱ्या माणसांबरोबर मांजरे आणि ससे आले. मांजरांनी समुद्रपक्ष्यांचा फडशा पाडला, म्हणून १९८५ पासून ती हटवण्याची मोहीम झाली आणि २००० मध्ये शेवटचे मांजर संपले. त्यानंतर सशांची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी उतारांवरची उंच गवते आणि मोठ्या पानांच्या वनस्पती अक्षरशः कुरतडून टाकल्या. मांजर गेले म्हणून ससे माजले, असे हे सुटसुटीत उत्तर वाटते. परंतु सशांना आवरण्यासाठी बेटावर एक विषाणूही सोडला जात असे आणि त्याचा प्रभाव त्याच सुमारास ओसरला होता; दोन कारणांपैकी कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत चांगलाच वाद झाला. ससे, उंदीर आणि घुशी हटवून बेट मोकळे झाल्याची घोषणा २०१४ मध्ये झाली. मला या उदाहरणातला वादच अधिक मोलाचा वाटतो, कारण पाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींमध्ये कार्यकारणभाव आहे असे म्हणण्यासाठी पेनसारखा शेजारचा अस्पर्शित पट्टा लागतो आणि बेटाला असा शेजार नसतो.

‘विविधता म्हणजे स्थैर्य’ हे घोषवाक्यही याच काट्यावर तोलून पाहावे. रॉबर्ट मे याने १९७२ मध्ये गणिताने दाखवले की जाती आणि त्यांच्यातले दुवे नुसते वाटेल तसे वाढवत नेले तर व्यवस्था अधिक स्थिर न होता डळमळीत होऊ शकते. उलट मिनेसोटातील सीडर क्रीक येथे डेव्हिड टिलमन याच्या गटाने १९९४ पासून लहान लहान वाफ्यांत १, २, ४, ८ आणि १६ जाती पेरून वर्षानुवर्षे मोजमाप केले, तेव्हा अधिक जातींच्या वाफ्यांत एकूण उत्पादन अधिक आणि वर्षागणिक होणारा चढउतार कमी दिसला, जरी एकेका जातीची संख्या बरीच वरखाली होत राहिली. या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे पहिल्यांदा वाटते, पण खऱ्या व्यवस्थेतले दुवे वाटेल तसे जुळलेले नसतात, ते वगळत-निवडत घडलेले असतात. आणि कोणाचे स्थैर्य, एका जातीचे की सगळ्या वाफ्याचे, हे ठरवल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही.

याद्यांविषयी आणखी एक गोष्ट राहिली. यादी लांबली म्हणजे भर पडली, असेही नसते. न्यूझीलंडमध्ये मूळच्या वाहिनीयुक्त वनस्पतींच्या सुमारे २,००० जाती आहेत आणि बाहेरून येऊन रुजलेल्याही जवळपास तितक्याच. तिथली यादी दुप्पट झाली. जगाच्या यादीत मात्र एकाही नावाची भर पडली नाही, कारण आलेल्या वनस्पती इतरत्र होत्याच. म्हणूनच रॉबर्ट व्हिटेकर याने १९६० मध्ये एका जागेची विविधता, दोन जागांमधला फरक आणि सगळ्या प्रदेशाची एकत्रित विविधता असे तीन वेगळे हिशोब मांडले. त्यांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणतात. नॉर्मन मायर्स याच्या कल्पनेतून आलेल्या हॉटस्पॉटच्या, म्हणजे जैवविविधतेने संपन्न पण धोक्यात आलेल्या प्रदेशांच्या, निकषातही एकूण जाती मोजत नाहीत, तर फक्त तिथेच आढळणाऱ्या वनस्पतींच्या किमान १,५०० जाती आणि मूळ नैसर्गिक वनस्पती-आच्छादनाचा किमान ७० टक्के नाश, या दोन अटी आहेत. आणि एकाच जातीच्या आतही विविधता असते. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर पडलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली, तेव्हा गरिबांच्या शेतांत बटाटा पुष्कळ होता, पण तो बहुतांशी एकाच वाणाचा आणि कंदांपासून लावलेला, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकसारखा होता. करपा रोगाला एका झाडावर जे जमले तेच सगळ्यांवर जमले.

जगात एकूण जाती किती, हेही मुले विचारतात. २०११ मधील एका अंदाजानुसार पेशीकेंद्रक असलेल्या सजीवांच्या सुमारे ८७ लाख, आणि तोवर नोंदवलेल्या सुमारे १२ लाख. म्हणजे पहिल्याच प्रश्नाचे, ‘कोण’ या प्रश्नाचे, उत्तरही बहुतांशी कोरेच आहे.

चौकट आखून झाल्यावर तिच्या खुंट्या मी लगेच काढत नाही. आठवड्याने त्याच शेंड्यावर पुन्हा जायचे असा शिरस्ता आहे. मागच्या वेळी एका विद्यार्थिनीने भिंगातून बराच वेळ पाहून विचारले, “सर, या ममीला कंपासने काढल्यासारखे गोल छिद्र आहे, पण हिच्या छिद्राची कड कुरतडल्यासारखी का?” गोल छिद्र माव्याला खाऊन बाहेर पडलेल्या गांधीलमाशीचे. ओबडधोबड कडेचे छिद्र बहुधा दुसऱ्याच कोणाचे असते. माव्याच्या पोटात वाढणाऱ्या अळीलाच आतल्या आत खाऊन मोठ्या झालेल्या, आणखी लहान कीटकाचे. तिने वही काढली, पाच नावांच्या खाली रिकामी रेघ ओढली, नाव लिहायची जागा तशीच सोडली आणि त्या रिकाम्या जागेपासून गांधीलमाशीपर्यंत बाण काढला.